पहिल्याच क्रूझला चौघांपैकी तिघांना बोट लागली. पुढच्या वेळी जहाज कसं निवडावं?

सातपूरकर

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिंगापूर–व्हिएतनाम–सिंगापूर अशी पाच रात्रींची आमची पहिली क्रूझ झाली. जहाज साधारण २०० मीटर लांबीचं. खोली ११व्या डेकवर, अगदी पुढच्या टोकाकडे, बाल्कनीवाली. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, बीपीची गोळी सुरू) आणि सहावीतला मुलगा. पहिले दोन दिवस जहाज इतकं खालीवर होत होतं की चौघांपैकी तिघांना बोट लागली. एरवी कसारा घाटात फक्त मुलाला गाडी लागते, मोठ्यांना कुणालाच त्रास नाही.

तरीही पुन्हा जायचं आहे. एजंट म्हणतो, "या वेळी लाख टनाच्या वरचं जहाज घ्या, हललेलं कळणारसुद्धा नाही." आमच्या डोक्यात तीन पर्याय आहेत: पुन्हा सिंगापूर पण मोठं जहाज, मुंबईहून गोवा–लक्षद्वीप, किंवा पैसे साठवून मे महिन्यात भूमध्य समुद्र. शाळेमुळे सुट्टी दिवाळी, नाताळ किंवा मे यांतलीच मिळणार. मोठं जहाज घेतलं की प्रश्न मिटतो का? आणि खोली घेताना नेमकं काय बघायचं?

सुकाणू

ताई, आधी एक सांगा: जाताना त्रास जास्त आणि परतताना बराच कमी, असं झालं का? तसं असेल तर तुम्हाला नडलं ते मार्ग, महिना आणि खोली. जहाजाचा नंबर त्यानंतर लागतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दक्षिण चीन समुद्रावर ईशान्य मोसमी वारे असतात. सिंगापूरहून व्हिएतनामकडे निघालं की जहाजाचं तोंडही ईशान्येलाच, म्हणजे वारा आणि लाटा दोन्ही समोरून. याचा हिशोब सोपा आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची तर दोन लाटांमधल्या सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणा. १० सेकंदांची लाट म्हणजे १५६ मीटर लांब, आणि ती सेकंदाला साडेपंधरा मीटरने पुढे सरकते. जहाज १८ नॉटने चाललं असेल तर सेकंदाला सव्वानऊ मीटर. समोरासमोर असताना दोन्ही वेगांची बेरीज होते आणि दर सहा-सव्वासहा सेकंदांनी लाट जहाजाला भिडते. परतताना तीच लाट मागून येते, वेग वजा होतात, आणि ती सुमारे २५ सेकंदांतून एकदा जहाजाखालून जाते. माणसाला सर्वात जास्त मळमळतं ते पाच-सहा सेकंदांत एकदा खालीवर होणाऱ्या हालचालीने. तुम्ही जाताना नेमक्या त्याच तालात सापडलात.

त्यात खोली पुढच्या टोकाची. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला खड्डा कसा लागतो आणि दोन चाकांच्या मधल्या सीटवर कसा लागतो, तोच फरक इथे आहे. जहाज पुढे-मागे फक्त एक अंश झुकलं, तरी मध्यापासून ८० मीटर दूर असलेली खोली १.४ मीटर वर आणि १.४ मीटर खाली जाते, म्हणजे एकूण पावणेतीन-तीन मीटर. घराचा जवळजवळ एक मजला, दर सहा सेकंदांनी, रात्रभर. तोच एक अंश मध्यापासून १५ मीटरवर असलेल्या खोलीला जेमतेम अर्धा मीटर हलवतो. तिकीट त्याच जहाजाचं, समुद्रही तोच.

स्टॅबिलायझर होते की, असं कुणी म्हणेल. असणारच, आजच्या बहुतेक क्रूझ जहाजांना असतात. पाण्याखाली दोन्ही बाजूंना बाहेर येणारे ते पंख आहेत, विमानाच्या पंखासारखेच काम करतात. पण ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात. पुढचं-मागचं टोक खालीवर होण्यावर त्यांचा उपाय चालत नाही. शिवाय पंखावरून पाणी वाहिलं तरच जोर मिळतो. जहाज अगदी हळू चाललं किंवा नांगर टाकून थांबलं की त्यांचा उपयोग नाहीसा होतो. म्हणून "स्टॅबिलायझर आहेत का?" हा प्रश्न एजंटला विचारून हाती काही लागत नाही.

आता लाख टन. क्रूझच्या माहितीत दिलेला ग्रॉस टनेज हा वजनाचा आकडा नाहीच. तो जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचा आहे. वर चार मजले चढवले की टनेज वाढतो, त्याने लाटेत स्थिरता वाढली असं होत नाही. बघायची ती लांबी. लाट जहाजाच्या लांबीएवढी असली की टोकं सर्वात जास्त उचलली जातात, जहाज लाटेच्या दुप्पट लांब असलं तर ते दोन-तीन लाटांवर एकदम टेकून राहतं. ८ सेकंदांची लाट १०० मीटर, १० ची १५६, १२ ची २२५. मुंबईहून चालणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ २११ मीटरचं आहे, १९९० सालच्या बांधणीचं. सिंगापूरचं ‘जेंटिंग ड्रीम’ ३३५ मीटर. रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली जहाजं ३४८ मीटरच्या आसपास. १० सेकंदांच्या समोरच्या लाटेत ३३५ मीटरचं जहाज २११ मीटरवाल्यापेक्षा स्पष्टपणे शांत राहील, इथपर्यंत तुमच्या एजंटचं बरोबर आहे.

पण मोठ्या जहाजाची बाजू म्हणजे उभी भिंत. जोराचा वारा आडवा लागला की ते एका अंगाला कलून चालतं, मग टाक्यांमधलं पाणी इकडून तिकडे हलवून ते सरळ करावं लागतं. आणि खरं वादळ लहान-मोठं बघत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्वांटम वर्गातलंच ‘अँथम ऑफ द सीज’ अमेरिकेच्या केप हॅटरासजवळ वादळात सापडलं आणि सहल अर्धवट सोडून न्यू जर्सीला परतलं. १,६८,००० टनांचं जहाज ते.

डेकप्लॅन

खोलीबद्दल मी सांगते, कारण बुकिंगच्या वेळी सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

स्वस्तातल्या भाड्यात ‘गॅरंटी’ नावाचा प्रकार असतो. नाव ऐकून खात्रीचं वाटतं. खात्री फक्त खोलीच्या प्रकाराची असते, जागा कंपनी शेवटी ठरवते आणि उरलेल्या खोल्या बहुधा टोकाच्याच असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी हे भाडं घेऊच नये. आगाऊ रक्कम भरण्याआधी खोलीचा नंबर लेखी मागा, तो त्या जहाजाच्या डेकच्या नकाशावर स्वतः शोधा.

नकाशात जहाजाची पूर्ण लांबी पट्टीने मोजा, निम्म्यावर खूण करा. जहाज ज्या बिंदूभोवती पुढे-मागे झुलतं तो साधारण मध्याच्या किंचित मागे असतो. म्हणून खुणेपासून थोडी मागची खोली चालेल, तेवढीच पुढची टाळा. लिफ्टवर विसंबू नका, बऱ्याच जहाजांवर लिफ्टचे दोन-तीन गट असतात आणि "लिफ्टजवळची" म्हणून पुढच्या गटाजवळची खोली गळ्यात पडते.

मग उंची. डोलण्यात वरच्या मजल्याला फटका जास्त. जहाज ५ अंश कललं तर डोलण्याच्या अक्षापासून २५ मीटर वरची खोली दोन मीटरहून जास्त बाजूला सरकते, ८ मीटर वरची पाऊण मीटरसुद्धा नाही. तुमचा ११वा डेक आणि पुढचं टोक, दोन्ही नको तेच एकत्र आलं होतं. प्रवाशांच्या खोल्यांचे जे सर्वात खालचे दोन-तीन डेक असतील त्यातला मधला भाग मागा.

खालच्या डेकवर बाल्कनी फारशी मिळत नाही. तिथे खिडकीची खोली घ्या. आतली बिनखिडकीची खोली सर्वात स्वस्त आणि बहुतेकदा स्थिरही, पण मळमळ सुरू झाली की डोळ्यांना क्षितिज लागतं, ते तिथे मिळत नाही. खिडकी घेताना समोर लाइफबोट टांगलेली नाही ना, एवढं बघा. नकाशात तशा खोल्यांना वेगळी खूण असते.

आवाजाचंही बघा, झोप मोडली की मळमळ लवकर होते. अगदी पुढे खाली नांगराची साखळी आणि बंदरात शिरताना पहाटे बो थ्रस्टरची, म्हणजे जहाजाचं तोंड बाजूला वळवणाऱ्या पुढच्या पंख्याची घरघर. अगदी मागे प्रोपेलरची थरथर. वर-खाली दोन्ही बाजूंना खोल्याच असतील अशी जागा सर्वात शांत. थिएटर बहुतेक जहाजांवर पुढच्या टोकाला असतं, समुद्र खवळलेला असेल त्या संध्याकाळी तो कार्यक्रम सोडून मधल्या चौकात बसा. मुख्य जेवणघर मागच्या टोकाला असेल तर पहिल्याच दिवशी टेबल त्यातल्या त्यात पुढच्या बाजूचं मागून घ्या, म्हणजे ते जहाजाच्या मध्याकडे येतं.

डॉक्टर_नाशिकरोड

सासूबाई आणि मुलगा आहेत म्हणून औषधांचं वेगळं लिहितो. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नसतो, पोट काम करायचं थांबलेलं असतं. ती आधी घ्यायची. प्रोमेथॅझिन थिओक्लेट, म्हणजे दुकानात मिळणारी अ‍ॅव्होमिन २५ मिलिग्रॅम, लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्री झोपताना सुरू करतात. मेक्लिझिन निघण्याच्या तासभर आधी. सिनॅरिझिन दोन तास आधी. यातली एकच घ्यायची, दोन एकत्र नाहीत, आणि सोबत दारू अजिबात नाही.

आपल्याकडे उलटी म्हटलं की ऑन्डान्सेट्रॉन देण्याची सवय आहे. बोट लागण्यावर ते फारसं चालत नाही. ही उलटी कानातल्या तोलाच्या यंत्रणेतून येते आणि ते औषध त्या वाटेवर काम करत नाही.

वर लिहिलेल्या सगळ्या गोळ्यांनी झोप येते. ६८ व्या वर्षी, हलत्या जहाजावर, बीपीच्या गोळीसोबत, रात्री बाथरूमला उठताना पडण्याचा धोका खरा आहे. निघण्याआधी घरी एक दिवस गोळी घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळतं. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच तीन दिवस चालतो, पण काचबिंदू असेल तर तो चालत नाही, आणि या वयात गोंधळल्यासारखं होऊ शकतं. सासूबाईंची डोळ्यांची तपासणी झालेली नसेल तर आधी ती करा. मुलाचा डोस वजन बघून तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

जेवणाचं थोडक्यात: रिकामं पोटही वाईट आणि तळलेलंही वाईट. दर दोन-तीन तासांनी थोडं कोरडं खा. खाकरा, राजगिऱ्याचा लाडू, साधी बिस्किटं. आलेपाकाच्या वड्या जरूर न्या, आल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. चिवडा परतीच्या वाटेसाठी ठेवा. आणि नाशिकहून रात्री निघून मुंबई, तिथून रात्रीचं विमान, सकाळी सिंगापूर, दुपारी जहाज, असं करू नका. न झोपलेल्या माणसाला बोट लवकर लागते. सिंगापूरला एक रात्र मुक्काम धरा.

सातपूरकर

सुकाणू, अगदी तसंच झालं. जाताना आडवे, येताना तिसऱ्या दिवसापासून सासूबाईसुद्धा डेकवर फिरत होत्या. आम्हाला वाटलं सवय झाली.

मग प्रश्न असा की तीन सुट्ट्यांपैकी कुठल्या सुट्टीत कुठलं पाणी शांत? आणि मुंबईहूनच गेलं तर विमान वाचतं, सासूबाईंनाही सोपं, त्याबद्दल काय?

सुकाणू

सवयीचा वाटा असतोच, शरीर दोन-तीन दिवसांत जुळवून घेतं. पण येताना लाटा मागून होत्या, हे मोठं कारण.

नाताळ: सिंगापूर सोडायची गरज नाही, दिशा बदला. पूर्वेकडे दक्षिण चीन समुद्र खवळलेला असतो त्याच आठवड्यात पश्चिमेकडची मलाक्काची सामुद्रधुनी शांत असते. एका बाजूला मलेशियाचा भूभाग, दुसरीकडे सुमात्रा, वाऱ्याला लाट उभी करायला लांब मोकळं पाणीच मिळत नाही. गंगापूर धरणावर वारा सुटला तरी लाट वीतभरच का उठते, तेच कारण, फक्त आकार मोठा. पेनांग–फुकेत मार्ग डिसेंबर ते मार्च सर्वात चांगला, कारण ईशान्य वाऱ्याला फुकेतच्या बाजूला जमिनीची आड मिळते. फुकेतला बऱ्याचदा जहाज नांगरून छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, सासूबाईंना ते जमेल का हे आधी विचारून घ्या.

मे: फुकेत वगळा. तिकडे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि ते अंदमानच्या मोकळ्या समुद्रावरून थेट येतात. फक्त मलाक्का, पोर्ट क्लँग, पेनांग असेल तर मेमध्येही चालेल. एप्रिल ते नोव्हेंबर तिथे ‘सुमात्रा’ नावाच्या वादळी सरी येतात, बहुतेक रात्री किंवा पहाटे, पण तास-दोन तासांत निघून जातात. भूमध्य समुद्र मेमध्ये चांगला. त्यातही बार्सिलोना–मार्से पट्टा फ्रान्सकडून येणाऱ्या मिस्त्राल वाऱ्याचा आहे, पर्याय असेल तर इटलीच्या पश्चिम किनाऱ्याचा किंवा एड्रियाटिकचा मार्ग घ्या. ग्रीसच्या बेटांवरचा मेल्तेमी वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, मेमध्ये त्याचा त्रास नाही.

मुंबई: डिसेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बहुतेक दिवस सौम्य, २११ मीटरचं जहाजही तेव्हा पुरतं. जून ते सप्टेंबरमध्ये तर जायचा प्रश्नच नाही. मेचा दुसरा पंधरवडा मी टाळेन. मे २०२१ मधलं तौक्ते आणि ३ जून २०२० ला अलिबागजवळ आलेलं निसर्ग, दोन्ही याच सुमाराची. दिवाळीतही अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात, रोज नाही, पण होतात. तेव्हा जायचं असेल तर सहल बदलली तर पैसे कसे परत मिळतात ते वाचूनच घ्या.

लक्षद्वीपला मोठं जहाज प्रवाळाच्या कडेआत जात नाही, लाटांवर उभ्या जहाजातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. जहाज थांबलेलं, म्हणजे स्टॅबिलायझर निकामी, आणि पायाखाली बोट वेगळ्या तालात. सासूबाईंसाठी गोव्यापुरता मार्ग बरा.

डेकप्लॅन

यात एक भर घालते. अजिबात लाट नको असेल तर नाईलवर लक्सर ते अस्वान ही तीन-चार रात्रींची नदीतली क्रूझ आहे, ऑक्टोबर ते एप्रिल हवाही चांगली. पण मुलाला समुद्र, घसरगुंड्या आणि पोहण्याचा तलाव हवा असेल तर ती मजा तिथे नाही.

तुमच्या बाबतीत मी नाताळात मलाक्काच्या बाजूचं, ३०० मीटरच्या वरचं जहाज बघेन. चौघांना एकच खोली नको. त्यात दोन पलंग भिंतीतून निघणारे वरचे असतात, आणि ज्याला बोट लागते त्याला शिडीवरून उतरायला लावणं बरं नाही. मधून दार असलेल्या शेजारच्या दोन खोल्या मागा. त्या मधल्या भागात कमी असतात आणि लवकर जातात. सिंगापूरचा व्हिसा दोनदा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघा. जहाजाने बाहेर जाऊन परत येणं हा दुसरा प्रवेश धरला जातो.

सातपूरकर

नाताळ आणि पेनांग–फुकेत असंच ठरवतोय. निघण्याआधी समुद्र कसा असेल ते घरबसल्या बघता येतं का?

सुकाणू

येतं. विंडी हे हवामानाचं अ‍ॅप उघडा, मार्गावरच्या मधल्या बिंदूवर बोट ठेवा आणि तीन गोष्टी एकत्र वाचा: लाटेची उंची, सेकंद आणि दिशा. पाच-सहा दिवसांच्या पुढचा अंदाज धरून चालू नका, आदल्या दोन दिवसांचा भरवशाचा. दाखवलेली उंची ही सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, अधूनमधून एखादी लाट तिच्या दीड-दोनपट येणारच. वारा ११ ते १६ नॉट असेल तर लाट साधारण एक मीटर, मोठ्या जहाजात कळणारही नाही. २२ ते २७ नॉटला तीन मीटर, तेव्हा गोळी आदल्या रात्रीच घ्यायची. उंची तीच असताना ७-८ सेकंदांची लाट आणि ती समोरून, हे वाईट जुळणं. १४ सेकंदांची एक मीटर लाट संथ असते. आपल्या किनाऱ्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचे समुद्रस्थितीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे रोज निघतात, मुंबई–गोव्याला कधी गेलात तर तेच बघा.

आणि अंदाज बाजूचा वारा दाखवत असेल त्या रात्री बाल्कनीचं दार बंद करून कडी लावा, काचेची बाटली टेबलावरून काढून जमिनीवर भिंतीशी ठेवा, कपाटातले मोकळे हँगर खाली काढा. सासूबाईंच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत वाटेत बॅग ठेवू नका, आणि तिथला दिवा रात्रभर चालू ठेवा.